काम दहा मिनिटांचं

बाहेरच्या माणसाला नाशिक म्हटलं की कुंभमेळा आठवतो, द्राक्षं आठवतात, चिवडा आठवतो. नाशिककराला शिफ्ट आठवते. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत इथल्या दोन पिढ्यांनी पंच मारले. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर इथे बनतात, टपारियाचे पाने-पकडी इथे बनतात, 2002 साली रस्त्यावर आलेली स्कॉर्पिओ इथलीच. मायको कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, पण त्र्यंबक रोडवरचा रिक्षावाला अजून 'मायको सर्कल'च म्हणतो. अशा गावात रिटायर झालेला माणूस देवळाच्या पारावर जाऊन बसत नाही. तो पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा होतो.

आमच्या सोसायटीत हा मान काकांचा. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, खिशावरचं कंपनीचं नाव उसवून काढलेलं, पण टाक्यांच्या भोकांवरून ते अजून वाचता येतं. त्याच खिशात पेन, पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी. चष्मा दोरीनं गळ्यात. काका क्वालिटीत होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नापास करण्याचा त्यांना पगार मिळत असे. पगार थांबला, काम चालू आहे.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात चालत नाही. काकू एकदा शेजारणीला आमटीची कृती सांगत होत्या. "मीठ चवीपुरतं," असं त्या म्हणाल्या मात्र, काका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "चवीपुरतं म्हणजे किती? आणि कमी-जास्त किती चालेल?" काकूंनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशीच्या आमटीत मीठ अजिबात नव्हतं. काकांनी ती निमूट खाल्ली. माल नापास करायचा झाला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते देण्याची हिंमत क्वालिटीवाल्यालाही घरी होत नाही.

त्यांच्या बाल्कनीत कुंडी नाही, झोपाळा नाही. पूर्ण भिंतभर प्लायवूडचा फळा आहे. त्यावर डबल एंड पाने, रिंग पाने, गोटी पान्याचे सेट, पकडी, ॲलन की अशी सगळी हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकामागे त्याच्या आकाराची काळी रेघ मारलेली. हत्यार जागेवर नसलं की रेघ ओरडून सांगते. सगळ्या कारखान्यांत जपानी फाइव्ह-एस, म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त, शिकवतात, आणि सगळे कामगार ते गेटच्या बाहेर पडताच विसरतात. काका घरी घेऊन आले. त्यांनी स्वयंपाकघरातही कालथ्यामागे रेघ मारायचा प्रयत्न केला होता. त्या प्रयत्नाबद्दल घरात बोललं जात नाही.

हत्यार उसनं मागायला जाणाऱ्याची तर परीक्षाच. कारखान्याच्या टूल क्रिबमध्ये कामगार पितळी बिल्ला ठेवतो तेव्हा त्याला हत्यार मिळतं. हत्यार परत, बिल्ला परत. काकांनी सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटचा नंबर ठोकून बिल्ले करून घेतले आणि दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघर वाटले. खिळा ठोकायला हातोडी हवी असली तरी बिल्ला आणावा लागतो. बिल्ला हरवला तर हातोडी मिळत नाही, सल्ला मात्र मिळतो. बहुतेक लोक त्यापेक्षा नवी हातोडी विकत आणणं पसंत करतात.

काकांची गाडी म्हणजे स्कॉर्पिओ. जुनी, डिझेलवरची. पावसाळा सरताना एका सकाळी तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर अशा वेळी आठ्या पडल्या असत्या. काकांचा चेहरा उजळला.

"टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या हवेतली वाफ रात्री पत्र्यावर जमते," त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. "डिझेल पाण्यापेक्षा हलकं. त्यामुळे पाणी तळाला जातं, तिथून फिल्टरमध्ये. फिल्टर ते अडवतो. नाही अडवलं तर पंपाचं वाटोळं. कारण पंपाला वंगण दुसरं कुठलं नाही, डिझेलच त्याचं वंगण. टायरमध्ये हवा किती असते? दोन बार. कॉमन रेलमध्ये डिझेल किती दाबानं असतं? हजाराच्या वर, सोळाशेपर्यंत! नोझलचं भोक केसाएवढं. त्यात एक कण अडकला की..." इथपर्यंत ऐकणारा दुसऱ्या मजल्यावर पोचलेला असे. 'अडकला की' पुढे काय होतं ते सोसायटीत फक्त वॉचमनला माहीत आहे, कारण त्याला जागा सोडून जाता येत नाही.

फिल्टर बदलायचा ठरला. काका आधी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. काम द्यायला नव्हे, चौकशीला.

"ठेवून जा काका," मिस्त्री म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"कसा काढतोस?"

"हातानं. नाही निघाला तर पट्टा लावायचा. पट्टा घसरला तर स्क्रूड्रायव्हर ठोकायचा आरपार, आणि द्यायचा पीळ."

काका काही न बोलता घरी आले. काकूंनी विचारलं, कुणी गेलं का म्हणून.

"आरपार," ते एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून गाडी जागची हलली नाही. काकांच्या कामाचा पहिला नियम असा, की योग्य हत्यार हातात आल्याशिवाय नटाला स्पर्श करायचा नाही. नट गोल होतो तो नटाचा दोष नसतो, हाताचा असतो. पट्ट्याचा पाना त्यांच्याकडे होता, पण इंजिनाच्या गर्दीत तो फिरवायला जागा नव्हती. साखळीचा पाना पत्रा चेपतो म्हणून बाद. फिल्टरच्या बुडावर टोपीसारखा बसणारा कपचा पाना हवा होता. बाजारात मिळाला तो दोन मिलिमीटर मोठा. दुकानदार म्हणाला, "मध्ये पॉलिश पेपर घाला, बसेल." काका त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. पुण्याला भाच्याची मुंज होती. काका अक्षता टाकून गायब झाले ते थेट नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांत. तिथेही नाही. बुधवार होता म्हणून जुन्या बाजारातही एक फेरी झाली. तिथून एक अस्सल जर्मन मायक्रोमीटर आला, ज्याचा फिल्टरशी काही संबंध नव्हता. पंगतीत काकांचं पान रिकामं राहिलं. काकूंनी त्यांच्या वाटणीची जिलबी दुसऱ्याला वाढायला लावली.

गाडी खाली उभी आणि काकू एसटीनं सिन्नरच्या लग्नाला गेल्या. परत आल्या तेव्हा त्या रिक्षातून उतरता उतरता पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात रिक्षावाल्याला म्हणाल्या, "तुमची गाडी कुठे दाखवता हो? चालते म्हणून विचारलं."

शेवटी काकांनी फिल्टरच्या बुडाचं माप व्हर्नियरनं घेतलं, दोनदा घेतलं, कागदावर ड्रॉइंग काढलं, त्यावर टॉलरन्स लिहिला, आणि अंबडला जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन कपचा पाना टर्न करून आणला. चकचकीत. तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बाळ बघायला यावं तशी माणसं तो बघायला येऊन गेली. पान्याचा खर्च फिल्टरपेक्षा जास्त, आणि दोन्हींचा मिळून मिस्त्रीच्या मजुरीच्या किती पट, हे कुणी विचारलं नाही. विचारायला बिल्ला लागला असता.

मग एका रविवारी मुहूर्त लागला. सकाळी नवाच्या आत सतरंजी अंथरली गेली. तिच्यावर जुनं बेडशीट, त्यावर हत्यारं ओळीनं, वापराच्या क्रमानं. शेजारी काकूंची जुनी परात, नरसाळं, काचेची बाटली, सुती फडकी. एक फडकं अल्टरनेटरवर घातलं गेलं, कारण त्यावर डिझेल गळून चालत नाही. दुसरं पट्ट्यावर, कारण डिझेलनं रबर फुगतं. दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली गेली. इथपर्यंत मिस्त्रीचे तीन फिल्टर झाले असते.

विजेरी धरायला वॉचमन. अंधारात विजेरी धरून उभं राहणं हे जगातलं सगळ्यात अपमानाचं काम आहे, हे ज्याचे वडील घरी रिपेरी करत त्याला सांगायला नको. "इकडे धर. इकडे म्हणजे माझ्या तोंडावर नाही. मी बघतोय तिकडे धर. मी कुठे बघतोय ते तुला कसं कळणार? माझं डोकं बघ!" वॉचमन निमूट डोक्यावर उजेड पाडत होता.

तळाचा ड्रेन स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि बाटलीत धार पडली. काकांनी बाटली उन्हात धरली. वर पिवळसर डिझेल, आणि तळाला बोटभर निवळ पाणी, मधोमध सरळ रेघ. रेघेवर तपकिरी गाळाचे दोन-चार ठिपके तरंगत होते. सगळे वाकून बघू लागले. काका काही बोलले नाहीत. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांचे दोष शोधले त्याला दोष असा बाटलीत बसलेला मिळाला, की शब्द सुचत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा चहाचा कप घेऊन आला. मोबाइल पुढे करत म्हणाला, "काका, हा माणूस बघा, नवीन फिल्टर आधीच डिझेलनं भरून घेतो. एअर काढायची कटकटच नाही."

"कुठल्या भोकातून भरतो?"

मुलानं नीट पाहिलं. "मधल्या."

"कडेची भोकं आत जायची, मधलं बाहेर यायचं," काका म्हणाले. "मधून ओतलंस की न गाळलेलं डिझेल थेट पंपाला. म्हणजे फिल्टर बसवला कशाला? शोभेला?" मुलानं मोबाइल खिशात घातला. पुढचा अर्धा तास तो मांडी घालून बसला. त्या रविवारी काकांना शिष्य मिळाला, आणि त्याच्या बायकोला नवी डोकेदुखी.

कपचा पाना फिल्टरवर बसला तो क्षण बघण्यासारखा होता. ना सैल, ना घट्ट. काकांनी दोन बोटांनी हँडलला जोर दिला. 'कट' असा बारीक आवाज आला आणि फिल्टर सुटला. कुणी टाळ्या वाजवल्या. काकांनी हात वर करून त्या थांबवल्या. "काढणं म्हणजे अर्धंच काम."

बसवणं हे खरं काम. जुन्या फिल्टरच्या बुडाशी पाण्याचा सेन्सर असतो, तो उतरवून नव्याला लावायचा. घाईतला माणूस जुन्याबरोबर सेन्सरही कचऱ्यात टाकतो आणि मग संध्याकाळी उकिरडा शोधतो. सेन्सरची ओ-रिंग नवी. जुनी रबर गॅस्केट वरच्या बैठकीला चिकटून राहिली नाही ना, हे काकांनी नखानं चाचपून पाहिलं. गॅस्केटवर गॅस्केट बसली की गळती ठरलेली. नव्या गॅस्केटला बोटभर स्वच्छ डिझेल चोळलं. फिल्टर हातानं फिरवत नेला. गॅस्केट टेकली, तिथून आणखी पाऊण फेरा. हातानंच. एवढा खटाटोप करून बनवलेला पाना बसवताना वापरायचाच नसतो, हे ऐकून वॉचमनच्या हातातला उजेड हलला.

"मग गेल्या वेळी मिस्त्रीनं पान्यानं आवळला म्हणून तर काढायला पाना लागला!" काका म्हणाले. "त्याच्या घाईसाठी मला अंबडला जावं लागलं."

राहिली एअर. डिझेलच्या लाइनीत हवा अडकली की दाब बनत नाही, कारण हवा दबते, डिझेल दबत नाही. गॅरेजात यावर एकच उपाय, सेल्फ मारत राहायचं, बॅटरी उतरेपर्यंत. काकांनी फिल्टरच्या वरचा हातपंप अंगठ्यानं दाबायला घेतला. आधी मऊ, पोकळ. हळूहळू कडक. "बघ दाबून," त्यांनी शिष्याला सांगितलं. शिष्यानं दाबलं. "आता?" "लागतोय." "लागतोय म्हणजे एअर गेली. आणि जन्मात कधी कॉमन रेलचा जाड पाइप सैल करून एअर काढायला जाऊ नकोस. त्या दाबाची धार कातडीत घुसते. हात कापायची वेळ येते." हे सांगताना मात्र त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

बॅटरीची वायर जोडली. चावी फिरवली. सेल्फला दहा सेकंदांच्या वर घ्यायचं नाही, असं बजावून काकांनी मनगटातल्या घड्याळाकडे पाहिलं. गाडी तिसऱ्या सेकंदाला सुरू झाली. पिवळा दिवा विझला. काकू गॅलरीतून म्हणाल्या, "झालं? मग भाजी आणायला चला." पण काका फिल्टरखाली कोरा कागद धरून बसले होते. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून कागदावर एकही थेंब पडत नाही, हे पाहिल्याशिवाय काम झालं असं नव्हतं. पडला नाही. हेच ते दहा मिनिटांचं काम.

खालच्या मजल्यावरच्या एकानं मग जाता जाता सुचवलं, "काका, माझ्या पेट्रोल गाडीचाही फिल्टर बघाल का?" काका उठून उभे राहिले. "नाही. तुझा फिल्टर टाकीच्या आत, पंपाबरोबर. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांनाही पेटते. वरती चार घरांत गॅस चालू आहे. ते काम मोकळ्या हवेत, विझवायची सोय असलेल्या ठिकाणी. मला हौस आहे, पण सोसायटीचं सुतक पाळायची हौस नाही." हातात हत्यार असून नाही म्हणणारा माणूस दुर्मीळ, हे त्या दिवशी पटलं.

दुपारी काकांनी जुना फिल्टर हॅकसॉनं कापला. आतला घड्याघड्यांचा कागद उलगडत नेला. तो संपेचना. हॉलभर गेला. कुठे काळा, कुठे तपकिरी, तळाकडे गंजाची बारीक रांगोळी. किलोमीटर आणि तारीख लिहून त्यांनी तो वाळवणाच्या दोरीवर चिमटे लावून टांगला. संध्याकाळी काकू दोरीवरचे कपडे काढायला गेल्या. पुढचं आम्ही ऐकलं, लिहिण्याजोगं नाही. कागद फाइलला लागला एवढं खरं.

उरलेलं डिझेल काकांनी गटारात ओतलं नाही. कॅनमध्ये भरून, गाळ आणि फिल्टरचे तुकडे वेगळे बांधून, तेल गोळा करणाऱ्याकडे दिले. हात धुतले ते कपड्याच्या पावडरीत साखर घालून. तरी वास गेला नाही. जेवताना काकूंनी त्यांचं ताट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडलं.

काही दिवसांनी गॅरेजातला पोऱ्या दारात आला. "मिस्त्रीनं तो कपचा पाना मागितलाय. एका स्कॉर्पिओचा फिल्टर निघत नाही."

काका खुर्चीतून उठले नाहीत. "बिल्ला आण."

पोऱ्या गेला आणि मिस्त्रीलाच घेऊन आला. मिस्त्री म्हणाला, "काका, माझ्याकडे कुठला बिल्ला? मी फ्लॅटवाला थोडाच आहे?" काका आत गेले. आतून ठोकण्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी नवा पितळी बिल्ला घेऊन आले. त्यावर कुठलाही नंबर नव्हता, नुसतं 'गॅरेज' कोरलेलं. तो त्यांनी मिस्त्रीच्या हातावर ठेवला, परत घेतला, खुंटीला अडकवला आणि मग पाना दिला. पाना संध्याकाळी परत आला. पुसलेला, तेल लावलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मिस्त्रीनं तेवढं मनावर घेतलं होतं.

अशा माणसाला पैसे वाचवणारा समजू नये. हौस म्हणावी, तर ती हौसेपेक्षा महाग आहे. मिस्त्रीच्या दारात सकाळपासून दहा गाड्या उभ्या असतात. त्याला ओ-रिंग नखानं चाचपायला वेळ नाही, आणि तेवढ्या वेळाचे पैसे आपणही देत नाही. काकांकडे तो वेळ आहे आणि तो घालवायची लाज नाही. त्यांच्या गाडीचा पंप अजून एकदाही उघडावा लागलेला नाही. आमच्यापैकी घाई करणाऱ्या सगळ्यांचे उघडून झाले.

तेव्हा डिझेलची गाडी असेल तर पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, दिवा लागायची वाट न बघता फिल्टरचं पाणी काढा, आणि एअर घेतली तर सेल्फ मारत बसू नका. हे जमणार नसेल तर आपल्या सोसायटीतला असा काका शोधा, असतोच. त्याला मजुरी विचारू नका, घाई करू नका, विजेरी धरायला सांगितली तर धरा. आणि हत्यार नेलंत तर पुसून परत द्या.